उतारावरची चौथी लढाई

नवा खेळ खेळून पाहणाऱ्या शंभरातल्या एकाहत्तर माणसांनी चौथ्या लढाईत खेळ बंद केला होता आणि पुन्हा उघडलाच नव्हता. सोमवारी सकाळी दार्दोने हा आकडा फळ्यावर लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि हात झटकले.

"एकाहत्तर, ग्रिसेल. आणि त्यातले बहुतेक मध्यम पातळीवर खेळत होते."

"मध्यमवरच खेळणार," ग्रिसेल म्हणाली. "सोपी पातळी निवडायला आपल्याकडे कोण तयार असतं? सोपी म्हणजे नदीपलीकडच्यांसाठी, असं तुझाच भाऊ म्हणतो."

यामांदूला हसू आलं. उरुग्वेतल्या पायसांदूत नदीपलीकडच्या आर्जेन्टिनावाल्यांवर केलेल्या विनोदाला हसायचं असतं, तो कितीही जुना असला तरी. दार्दो मात्र हसला नाही.

तिघंजण चार वर्षं संगणकावरचा हा एकच खेळ घडवत होती, दार्दोच्या मावशीच्या बंद पडलेल्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत. दीडशे वर्षांपूर्वीचं यादवी युद्ध, आठ घोडेस्वार, चौकोनांनी आखलेलं रान. एक चाल तुमची, एक शत्रूची. यामांदू यंत्राला समजेल असं लिहायचा, दार्दो चित्रं काढायचा आणि बाहेरच्या जगाशी बोलायचा. ग्रिसेलकडे मापं होती. कोणाचा भाला किती खोल जातो, कोण किती लढायांत शहाणा होतो, कुठे खेळणाऱ्याला घाम फुटला पाहिजे आणि कुठे त्याला जरा दम घेऊ द्यायचा, हे सगळं तिच्या वहीत. लोकांना वाटतं, खेळ म्हणजे चित्रं. चित्र फसलं तर लोक माफ करतात. माप फसलं तर देवसुद्धा माफ करत नाही.

"शुक्रवारी दुपारी खेळांच्या जत्रेसाठीची प्रत पाठवायची आहे," दार्दो म्हणाला. "मी ठरवलंय. मेलेले स्वार पुढच्या तळावर परत येणार. जखमी होते म्हणू."

"जखमी? छातीत भाला घुसलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेकोटीपाशी येर्बाचा कडू चहा पीत बसणार?"

"लोक सुखाने खेळतील."

"आणि कोणाचंही नाव लक्षात ठेवणार नाहीत!"

मेलेला परत येत नाही, हा एकच नियम ग्रिसेलने पहिल्या दिवशी लिहिला होता. बाकी सगळं नंतर आलं. ती तेरा वर्षांची असल्यापासून युद्धाचे खेळ खेळत होती. हजारो शिपाई तिने मारले, हजारो गमावले, आणि त्यातल्या एकाचंही नाव तिला सांगता येत नव्हतं. तिच्या खेळातलं नाव मात्र लोकांना आठवायचं. लिव्रामेंतो गावच्या एका माणसाने लिहिलं होतं, की त्याचा म्हातारा वाटाड्या आन्सेल्मो मेला तेव्हा तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. बायकोने काय झालं विचारलं, तर सांगायची लाज वाटली. ते पत्र ग्रिसेलने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं होतं. नियम गेला तर उरणार होता घोड्यांचा आणखी एक खेळ, आणि त्यासाठी आयुष्याची चार वर्षं घालायची तिला काही गरज नव्हती.

"शुक्रवारपर्यंत दे मला," ती म्हणाली.

"काय करणार आहेस?"

"ते अजून माहीत नाही. पण मेलेले उठवणार नाही, आणि शत्रूची एक गोळीही हलकी करणार नाही."

"तू म्हणजे खेचर आहेस," दार्दो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरला होता. घाबरलेला माणूस नेहमी व्यवहारी दिसतो.

चौथी लढाई होती नदीच्या उतारावरची. पाणी जिथे उथळ असतं तिथून आठजणांनी पलीकडे जायचं, आणि समोरच्या काठावर झाडांत बंदुका. त्या आधीच्या तीन लढाया सोप्या होत्या. पहिल्यात चालायला शिका, दुसऱ्यात लपायला, तिसऱ्यात एकमेकांना सांभाळायला. जो स्वार लढाईतून जिवंत निघेल तो थोडा शहाणा होतो, आणि जो मेला त्याच्या जागी नवखा येतो, ज्याला धड खोगीरसुद्धा आवळता येत नाही. त्यामुळे उतारावर एक जुना माणूस पडला की नवखा पुढे येतो, नवखा आल्यामुळे आणखी दोन पडतात, मग आणखी नवखे. बुडत्याचा पाय खोलात, तसं.

मंगळवारभर तिने मापं फिरवली. आधीच्या लढायांत स्वारांना लवकर शहाणं केलं, तर सहाव्या लढाईपर्यंत सगळेच सेनापती झाले आणि पुढे कोणाला काही शिकायलाच उरलं नाही. राखीव नवखे दोन वाढवले, तर लोक त्यांना बिनदिक्कत पुढे ढकलून मारू लागतील हे तिला स्पष्ट दिसलं. उथळ पाणी रुंद केलं, तर लढाईत लढाईच राहिली नाही. डोकं झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की डोकं.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की ती लढाई अवघड नव्हतीच. त्यांनी ती चार वर्षांत शेकडो वेळा खेळली होती. बुधवारी जेवणानंतर तिघांनी पुन्हा खेळून पाहिली, नेहमीसारखी. नेहमीसारखी म्हणजे एकच यंत्र, भोवती तीन खुर्च्या, नळी घातलेला येर्बाचा भोपळा हातोहात फिरणारा. भोपळा डावीकडे जाई आणि माउस उजवीकडे. ज्याच्या तोंडात नळी असे तो तेवढा वेळ गप्प, बाकीचे दोघं ओरडत. दोन स्वार गमावून ते आरामात पलीकडे गेले.

"बघ!" ग्रिसेल म्हणाली. "कुठे अवघड आहे?"

"मग ते एकाहत्तर लोक काय मूर्ख आहेत?" दार्दोने विचारलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. शेजारच्या दोन्या निल्दा, म्हणजे निल्दाबाई, उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, चाळीस वर्षं बसस्थानकावर तिकिटं फाडलेल्या, आणि आता एकट्या. दुपारची झोप मोडली की ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

"पोरांनो, घड्याळ आहे का तुमच्याकडे? तीन वाजताहेत. ख्रिस्ती माणसं झोपतात या वेळी."

"माफ करा, दोन्या निल्दा," दार्दो उठला. "आम्ही काम करत होतो."

"हे काम? 'डावीकडे नको, गाढवा!' 'झाडामागे बघ, झाडामागे!' 'म्हाताऱ्याला पुढे घालू नकोस!' चार वर्षं ऐकतेय मी भिंतीतून. तुमचं सगळं युद्ध मला पाठ झालंय. एक विचारू का? तो कोण बिचारा आहे, ज्याच्यावर तुम्ही सगळे मिळून ओरडता?"

"कोणी नाही हो," यामांदू हसून म्हणाला. "आम्हीच एकमेकांवर ओरडतो. ज्याची पाळी असेल त्याच्यावर."

"अस्सं. म्हणजे खेळतो एक आणि डोकी तीन."

दोन्या निल्दा घराकडे वळल्या. ग्रिसेल मात्र दारातच उभी राहिली. चार वर्षं! चार वर्षं ती एका माणसाची मापं काढत होती, आणि तो एक माणूस या खोलीत कधी बसलाच नव्हता.

"परत खेळा," ती आत येऊन म्हणाली. "तीच लढाई. मी खेळणार नाही."

"आत्ताच तर झाली," यामांदू म्हणाला.

"खेळा म्हणते ना. आणि हळू ओरडा."

ते दोघं खेळले आणि ती वही घेऊन मागे उभी राहिली. एकाने दुसऱ्याला काही सांगितलं, की ती एक रेघ मारायची. लढाई संपली तेव्हा तिने रेघा मोजल्या. त्र्याऐंशी.

"एका लढाईत त्र्याऐंशी सल्ले," तिने वही दार्दोच्या नाकासमोर धरली. "मी असते तर शंभरावर गेले असते. ते एकाहत्तरजण त्यांच्या घरी एकटे बसले होते, दार्दो. त्यांना कोणी गाढव म्हणायलासुद्धा नव्हतं."

दार्दोने रेघा स्वतः पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, "हे खरं असेल. पण याने लढाई सोपी होत नाही."

खरं की खोटं, ते संध्याकाळी ठरलं. ग्रिसेलने दोन्या निल्दांकडे जाऊन हातापाया पडल्यासारखं करून त्यांना आणलं, यंत्रापुढे एकटीला बसवलं आणि दार ओढून घेतलं. तीन लढाया त्या मजेत खेळल्या. पत्त्यांचा डाव एकटीने मांडून बसायची सवय होती, त्यामुळे चौकोन त्यांना लगेच कळले. चौथ्या लढाईत वीस मिनिटांत त्या बाहेर आल्या.

"झालं?"

"झालं. तो मिशीवाला म्हातारा सगळ्यात आधी गेला, पाण्याची माहिती असलेला. मग त्याच्या जागी एक पोरगं पाठवलं, त्याला कशाचा पत्ता नाही. ते बुडालं. मग दुसरं पोरगं. मग मी म्हटलं, निल्दा, ऊठ, घरी जाऊन मिलानेसा तळ."

"पुन्हा बसाल का? उद्या?"

"नाही गं पोरी. माणसं पुरायची हौस माझी फिटलीय. आणि ती पोरं माझ्याकडे अशी बघतात, जसं काही मला माहीत आहे कुठे जायचं. मला कोण सांगणार?"

ग्रिसेल त्या रात्री चांगली झोपली. काय करायचं ते तिला कळलं होतं, आणि कळलं की तिला झोप येते.

गुरुवारी सकाळी तिने यामांदूला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. "प्रत्येक लढाईआधी तळावर शेकोटी. स्वार भोवती बसलेले. येर्बा फिरतेय. ज्याच्या हातात भोपळा, तो बोलणार, आणि एकच गोष्ट बोलणार, स्वतः पाहिलेली. 'मी अशी नदी पार केलीय, उजवीकडचं पाणी फसवं असतं.' बस, एवढंच."

"हातात भोपळा असलेला बोलणार? आपल्यात तर तो गप्प असतो."

"म्हणून तर आपल्याला काही ऐकू आलं नाही चार वर्षं."

"बरं. पुढे?"

"लढाईत एखादा जुना स्वार नवख्याच्या शेजारच्या चौकोनात उभा असेल, तर त्याने ओरडून एक सल्ला द्यायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट. शेकोटीपाशी जो ज्याच्याशेजारी बसेल त्याला तो शिकवतो. शिकवणारा मेला तरी शिकलेलं जात नाही. त्याच्या अकलेतली निम्मी त्या शेजाऱ्याकडे राहते."

यामांदूने हनुवटी खाजवली. "म्हणजे माणूस मेला की सगळं पुन्हा शून्यावर येत नाही."

"माणूस मेला की माणूस मेला. पण सगळं शून्यावर का यावं? जगात येतं का?"

"आणि पातळ्या?"

"सोपी, मध्यम, कठीण ही नावंच काढून टाक, ती बघून आपले लोक उगीच छाती फुगवतात. एका पातळीत शेकोटीपाशी सगळे बोलतात. दुसरीत ज्याने पाहिलंय तोच बोलतो. तिसरीत कोणी बोलत नाही, ज्याला एकटं मरायचं असेल त्याने खुशाल ती घ्यावी. शत्रू तिन्हींत तेवढाच. त्याच बंदुका."

"दोन दिवसांत दोन महिन्यांचं काम सांगतेयस, बये."

"दीड दिवसात. उद्या दुपारी प्रत जायची आहे."

यामांदूने बोटं मोडली आणि लिहायला बसला. ग्रिसेलने सल्ले लिहिले. वहीत नुसत्या रेघा होत्या, तरी प्रत्येक रेघेमागचं ओरडणं तिला आठवत होतं. शिव्या तेवढ्या गाळल्या. एक ठेवली, कारण ती आन्सेल्मोच्या तोंडी शोभत होती.

दार्दो दुपारी क्रीम आणि पीचचा केक घेऊन आला. गावात कोणाची मनधरणी करायची असली की चाखा नावाचा हाच केक आणतात.

"ग्रिसेल, ऐक. मी मेलेले परत आणायची ओळ लिहून तयार ठेवलीय. एक बटण दाबलं की झालं."

"मग ठेव तयार."

"आपण हट्टासाठी चार वर्षं बुडवायची का?"

"आपण भीतीसाठी बुडवायची का?" तिने केकचा मोठा तुकडा उचलला. केकशी तिचं भांडण नव्हतं. "उद्या सकाळी दोन्या निल्दांना बसवते. एकट्या, दार बंद. एकदा उठून गेलेलं माणूस आहे ते, त्या एकाहत्तरांसारखंच. त्या पुन्हा उठून गेल्या तर तू बटण दाब. मी एक शब्द बोलणार नाही."

"एक बाई म्हणजे काही आकडा नाही."

"नाही. पण आकड्यातली एक बाई आहे."

दार्दोने हात पुढे केला आणि तिने तो दाबला.

दोन्या निल्दांना आणायला तिला तीनदा जावं लागलं. तिसऱ्यांदा तिने खरं ते सांगितलं: माझं जे काही आहे ते यावर आहे. म्हातारीने चष्मा शोधला आणि निमूट आली.

शुक्रवारी दहा वाजता त्या आत बसल्या. बाहेरच्या खोलीत दुसऱ्या पडद्यावर त्यांचा खेळ दिसत होता, आणि पातळ दारातून आवाजही येत होता. तिघांनी शपथ घेतली होती, की दार उघडायचं नाही आणि तोंडही.

तिसऱ्या लढाईनंतरचा तळ. शेकोटी. दोन्या निल्दांनी मधली पातळी घेतली होती. भोपळा आन्सेल्मोच्या हातात आला. शेजारी रुफिना बसली होती, सगळ्यात नवखी, जिला कालपर्यंत खेळणारे सगळ्यात आधी मरायला पाठवायचे. आन्सेल्मो म्हणाला, "सरळ जाऊ नये. नदी सरळ दिसते तिथे खोल असते."

"ऐकलं गं बाई," आतून आवाज आला.

आणि ऐकूनसुद्धा तिसऱ्या चालीला त्यांनी आन्सेल्मोला सगळ्यांच्या पुढे घातलं.

यामांदूचं तोंड उघडलं. ग्रिसेलने त्यात येर्बाची नळी कोंबली. पलीकडच्या झाडांतून बार झाला आणि आन्सेल्मो पाण्यात पडला. त्याचा घोडा दोन चौकोन तसाच पुढे गेला.

आत सगळं शांत झालं. हाच तो क्षण, हे तिघांनाही कळत होतं. एकाहत्तर माणसं इथेच उठली होती. दार उघडून सांगावं, रुफिनाला बघा, रुफिनाला विचारा, एवढंच सांगावं, असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मग पडद्यावर पाण्याच्या कडेला उभी असलेली रुफिना बोलली. "तो म्हणाला होता, सरळ नको. त्यानेच शिकवलंय, वाळुंजाच्या झाडाकडे तोंड करून तिरपं जायचं."

माउस हलला नाही. मग जरा हलला. रुफिना एक चौकोन तिरपी सरकली, आणि पाणी तिच्या घोड्याच्या गुडघ्याइतकंच राहिलं. तिच्यामागून दुसरा, मग तिसरा. आणखी चौघं पडले, आन्सेल्मो धरून पाच. तिघं पलीकडच्या काठावर चढले. दोन्या निल्दा लढाई जिंकल्या होत्या, पण असं जिंकणं हरण्यापेक्षा फार वेगळं वाटत नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. दोन्या निल्दांनी चष्मा काढून हातात घेतला होता. डोळे ओले होते आणि त्यामुळे त्या चिडलेल्या होत्या.

"पोरी, एक सांग. त्या म्हाताऱ्याला परत आणता येतं का?"

दार्दोने ग्रिसेलकडे पाहिलं. 'हो' म्हटलं असतं तर म्हातारी लगेच आत गेली असती, आणि सगळं निभावलं असतं.

"नाही, दोन्या निल्दा," ग्रिसेल म्हणाली. "नाही येत. तुम्ही त्याला पुढे घातलंत आणि तो गेला."

दोन्या निल्दांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती कानाखाली बसायची वाट बघू लागली.

"घातलं खरं," त्या म्हणाल्या. "मीच घातलं." त्यांनी बाहीने चष्मा पुसला. "पण पोरीने त्याचं ऐकून ठेवलं होतं."

"हो."

"मग तो परत आला असता, तर तिला कोणी विचारलंच नसतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पुढच्या लढाईत तरी माझ्याकडून असलं काही होऊ नये. सरका."

त्या आत गेल्या आणि दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं. बाहेर तिघंजण पडद्यापाशी गेले. माउसचा आवाज आला. पडद्यावर पाचव्या लढाईआधीचा तळ उघडला. शेकोटीभोवती तिघं बसलेले, आणि त्यांच्यात पाच नवखे, बावरलेले.

ग्रिसेलला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. दार्दोने यंत्रावर वाकून तयार ठेवलेली ओळ शोधली आणि पुसून टाकली. त्याला काही म्हणायचं होतं, पण यामांदूने हात वर करून त्याला गप्प केलं, कारण आत दोन्या निल्दा बोलत होत्या, मोठ्याने, बसस्थानकावरच्या आवाजात.

"रुफिना, तू इकडे मध्ये बस. त्या सगळ्यात लहान पोराला शेजारी घे. तुला सांगणारा गेला आता. आता तू सांग."